आईनं निवडलेला सायलेन्सर

कारंज्याला आमच्या गल्लीत सकाळी आधी आईचं जातं ऐकू यायचं, मग विहिरीवरचा रहाट, मग मंदिरातली घंटा, आणि देवाधर्माचं असं सगळं रीतसर आटोपलं की मग धनूकाकाची गाडी. गाडी म्हणजे काय म्हणायचं तिला! जेमतेम दोन माणसं मावतील एवढी जागा, छत कापडाचं आणि तेही उंदरांनी कुरतडलेलं, लाल रंग उडून विटकरी झालेला. पूर्वी कापूस खरेदीसाठी कुणी गोरा साहेब कारंज्याला येऊन राहायचा, त्याची ती. साहेब गेला तो गेलाच, आणि गाडी जिनिंगच्या शेडमध्ये सरकीच्या ढिगाआड पडून राहिली. काकानं तिला तिथून बैलजोडी लावून ओढत आणली, वर्षभर तिच्या पोटाखाली झोपून काढलं, आणि एक दिवस ती खरंच सुरू झाली. "नंदे, शर्यतीची गाडी हाय हे, विलायतेत पैला नंबर येते हिचा," असं तो मला सांगायचा. कारंज्याच्या रस्त्यावर शर्यत लावायची ती कोणाशी, म्हशींशी? पण हे त्याला कोण सांगणार? आडतीच्या कामात त्याचं मन नव्हतं, बाबांची बोलणी खाऊन तो कोडगा झाला होता, आणि गाडीत बसला की एकदम राजा व्हायचा.

त्या गाडीचा सायलेन्सर सडून त्याची चाळणी झाली होती. आमच्या रस्त्यांवर कुठला दगड कधी खालून लागेल याचा नेम नसे, त्यात पावसाचं पाणी, चिखल. लोखंड ते किती तग धरणार? गाडी अशी काही बोंबलायची की बाबा म्हणत, धन्या मूर्तिजापूरहून निघाला की इकडं चहाचं आधण ठेवा. त्याहून वाईट म्हणजे गल्लीच्या वळणावर काकानं अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की ती फटाके मारायची. न जळलेलं पेट्रोल मागच्या नळीत जाऊन फुटतं, एवढं शास्त्र मला काकामुळेच कळलं. काका मला कधीकधी शाळेत सोडायचा. मी दप्तर तोंडापुढं धरून बसायची. वर्गातल्या मुली वाट बघत फाटकाशी उभ्या, मास्तर व्हरांड्यात आलेले, आणि आमची वरात फाटफाट करत येतेय. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. परवा माझ्या नातवानं मोबाईलवर दाखवलं, कुठल्याशा शहरात पोलिसांनी पोरांच्या मोटारसायकलींचे असले फटाके मारणारे सायलेन्सर रस्त्यावर ओळीनं मांडले आणि त्यांच्यावरून रोडरोलर फिरवला. नातू हळहळला. मी त्याला म्हटलं, अजून एकदा लाव रे ते. माझं काय चाललंय ते त्याला कळलं नाही.

काका आईचा दीर, पण दीर नावालाच. आई लग्न होऊन आली तेव्हा घरात सासू नव्हती, आणि काका अर्ध्या चड्डीत होता. त्याचं नाक पुसण्यापासून त्याला मॅट्रिकला ढकलण्यापर्यंत सगळं आईनं केलं. माझ्या आधी सात-आठ वर्षं तोच तिचं मूल होता, आणि मी झाल्यावरही त्याचा मान गेला नाही. शेंगदाण्याची चटणी पाट्यावर वाटली की पहिली बोटभर त्याला. दुपारी तो जेवायला आला नाही तर आई खोळंबून राहायची, आणि त्याला हे ठाऊक असूनही तो उशीर करायचा. बाबांनी त्याच्यावर हात उगारला तर आई मध्ये पडे. बाबांशी ती एरवी कधी वर मान करून बोलली नसेल, पण धनूवरून बोलायची.

त्या वर्षी उन्हाळ्यात मुनिसंघ येणार अशी खबर आली. संघ कारंज्याला मोजके दिवस थांबून शिरपूरला जाणार होता. आमच्या समाजाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. दिगंबर मुनी दिवसातून एकदाच अन्नपाणी घेतात, तेही उभ्यानं आणि स्वतःच्या ओंजळीत. पाणीसुद्धा त्याच वेळी. घरोघरी शुद्ध स्वयंपाक तयार ठेवून, म्हणजे चौका लावून, नवरा-बायको सोवळ्यानं दारात उभे राहतात आणि महाराजांना थांबण्याची विनवणी करतात. महाराज मनात काहीतरी नेम धरून निघालेले असतात. तो जिथं जुळेल तिथंच थांबतात. आणि थांबले तरी सगळं निभावलंच असं नाही. घासात केस निघाला, देणाऱ्याच्या हातून भांडं पडलं, तर तो अंतराय. ओंजळ सुटते, आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्याचा थेंबही नाही. ज्याच्या घरी अंतराय आला त्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. कुणी तसं सांगितलेलं नसतं, पण घास उतरतच नाही.

आईच्या दारावरून महाराज नेहमी पुढं निघून जात. किती उन्हाळे ती चौका लावून दारात उभी राहिली असेल! एकदा तर एक महाराज आमच्या ओट्याशी येऊन क्षणभर थबकले आणि वळून समोरच्या घरी गेले. त्या दिवशी आईनं आंबा सोडला. आपल्या दारी मुनींचा आहार होईपर्यंत आंबा खाणार नाही, असा नेम. आम्ही सगळे तिच्यासमोर बसून कोपरापर्यंत रस ओघळवत आंबे खायचो, आणि ती पाटीतले पिकलेले निवडून आम्हाला द्यायची. मला तेव्हा त्यात काही वाटत नव्हतं. मुलांना काय, आई आंबा खात नाही म्हणजे तिला आवडत नसेल.

खबर आली त्या दिवशी आईनं काकाला ओसरीवर बसवून ताटात भाकरी वाढली आणि बोलायला सुरुवात केली. "धनू, यंदा तू माझ्यासंगं आहार द्याले उभा राहाचं. आंघोय करून, सोवयं नेसून. अन् त्या दिवसापासून रातचं खानं बंद."

"राहीन ना वहिनी. तू म्हनशीन तं दिवसाचंबी बंद करीन."

"दिवसाचं बंद करनारं तुयं तोंड पाह्यलं म्या. आनखी एक. थे गाडी. महाराज गावात असतांना गल्लीत तिचा असा आवाज नाई पायजे. काई करता येते का तिले?"

"सायलेन्सर बदला लागते," काका भाकरी मोडत म्हणाला. "मी तं कवाचा म्हनून राह्यलो. पन कोनता बसवाचा, थेच ठरत नाई. तूच निवड, चाल अकोल्याले."

तो थट्टेनं म्हणाला होता. आई म्हणाली, "चाल." तिला नाही तरी चौक्यासाठी पाणी गाळायचं कोरं कापड आणि महाराजांच्या पाद्यपूजेसाठी नवा पाट घ्यायचाच होता.

अशी आमची स्वारी अकोल्याला निघाली. दोन माणसांच्या गाडीत तिघं. मी आईच्या मांडीवर, चौदा वर्षांची घोडी. डोक्यावरचा पदर आईनं दातात धरलेला, आणि वाटेवरची गावंच्या गावं आम्हाला बघायला घराबाहेर आलेली. हमीदमिस्त्रीचं गॅरेज म्हणजे पत्र्याची मोठी पडवी. भिंतीवर तारेनं सायलेन्सर टांगून ठेवले होते, बाजारात पडवळं टांगतात तसे. मिस्त्री बोलका माणूस, तोंडात पान, कपाळावर चढवलेला चष्मा. "शेठ, आदी मले एक सांगा," तो म्हणाला, "तुमाले आवाज पायजे का शांतता पायजे? दोनी एका नळीत नाई मावत." मग त्याचं लक्ष आईकडं गेलं. "अन् बाई काहून आल्या एवढ्या उन्हात?"

"मी आयकाले आली," आई म्हणाली.

मिस्त्रीनं तिला बसायला रंगाचा रिकामा डबा उपडा करून दिला. तिनं त्याच्यावर आपला रुमाल अंथरला आणि बसली. विलायती कंपनीचा मूळ सायलेन्सर मिळणं शक्य नव्हतं; मुंबईला कळवलं तरी सहा महिने, आणि आला तरी ह्याच गाडीचा येईल याचा भरवसा नाही, असं मिस्त्रीचं म्हणणं. राहिले दोन. एक जीपचा होता, काळा, ढोल्या पोटाचा. त्याच्या पोटात आडव्या भिंती असतात आणि धूर त्यातून वळसे घेत घेत दमून बाहेर येतो. दुसरा त्यानं स्वतः बनवलेला होता. सरळ आरपार नळी, तिला बारीक भोकं, भोवती काचेची लोकर गुंडाळलेली, आणि वरून चकचकीत पत्रा. "यात धुराले कोनी अडवत नाई," मिस्त्री म्हणाला. "इंजिन मोकया दमानं चालते."

आधी त्यानं तो आरपारवाला तात्पुरता पट्टा आवळून बसवला. काकानं गाडी सुरू केली. खोटं कशाला बोलू, आवाज सुंदर होता. खोल, घुमारेदार, छातीत उतरणारा. आजपर्यंतच्या फाटक्या बोंबलण्याशी त्याचं काही नातंच नव्हतं. गॅरेजातली पोरं हातातलं काम टाकून उभी राहिली. काकाचा चेहरा मी तसा त्याआधी कधी पाहिला नव्हता, आणि नंतर त्याच्या लग्नातही पाहिला नाही. आईनं मान हलवली. "चांगला हाय. आता गल्लीत वयतांना करतं तसं कर."

काकानं पाय दाबला आणि एकदम उचलला. फाट! पत्र्यावरची कबुतरं उडाली, आई डब्यावरून अर्धी उठली. मिस्त्री हसायला लागला. "फटाके तं मारीनच बाई. शर्यतीची गाडी हाय."

मग जीपचा बसवला. गाडी म्हातारं मांजर अंगणात निजल्यासारखी गुरगुरत राहिली. पाय दाबला, उचलला, आत कुठंतरी एक खोकल्यासारखा आवाज झाला, बस्स. आईनं बोट दाखवलं. "हा."

"वहिनी, अवं यानं दम कोंडते तिचा. पयनार नाई हे."

"कोंडू दे. महाराज गेले की सोडजो तिले मोकयी. म्या काई जलमभर म्हनलं काय?"

काका हसला. "बरं," म्हणाला. "तुया मनासारखं." मिस्त्रीला नळी कापून जोड द्यायला, खालच्या कड्या वेल्डिंग करून बसवायला गाडी दिवसभर हवी होती; पुढच्या आठवड्यात घेऊन या, असं ठरलं. परत येताना मूर्तिजापूरच्या पुढं एका ठिकाणी आम्ही टरबूज फोडून खाल्लं, आणि काका आईला म्हणाला की सायलेन्सर निवडणारी अख्ख्या वऱ्हाडातली तू पहिलीच बाई. आई इतकी हसली की तिला ठसका लागला. त्या दिवसाची आठवण आली की माझं मन अजूनही एकदम हलकं होतं, आणि लगेच पुढचं आठवतं.

संघ आला. पहिल्या दिवशी संघातले मोठे महाराज आमच्या दारावरून पुढं गेले. दुसऱ्या दिवशी त्यांचा उपवास होता. त्याच दिवशी काका गाडी घेऊन अकोल्याला गेला, कारण मिस्त्रीनं तोच दिवस दिला होता. "दिवस बुडाच्या आत येतो," असं सांगून गेला आणि आला नाही. आईनं त्याचं धोतर-उपरणं धुऊन, कुणाचा हात लागणार नाही असं उंच दोरीवर वाळत घातलं होतं. ते सकाळीही तिथंच होतं. "येईन तो," ती म्हणाली. "म्हनला म्हंजे येईन."

त्या सकाळी घरात कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. आईनं विहिरीचं पाणी काढून नव्या कापडातून गाळलं. गाळल्यावर कापडात राहिलेले बारीक जीव ते कापड उलटं खंगाळून पुन्हा विहिरीत सोडायचे असतात. त्यासाठी बुडाशी कडी असलेली वेगळी बादली असते, ती अगदी पाण्याला टेकवून मगच अलगद पालथी करायची. घाई केली तर वरून पडून जीव मरतात. आई ते काम कुणाला देत नसे. जात्यावरचं ताजं पीठ, मीठ न घातलेलं मुगाचं वरण, दुधी, डाळिंबाचा रस, तापवलेलं दूध. महाराजांचा मीठ-साखरेचा त्याग होता. तुपाच्या वासानं ओसरी भरून गेली होती. मग आई-बाबा दारात उभे राहिले. आईच्या हातात कलश, बाबांच्या हातात श्रीफळ. बायकांचा घोळका मागं, त्यात समोरच्या चंद्राकाकू सगळ्यांच्या पुढं. ज्यांच्या घरी ते महाराज पूर्वी वळले होते, त्या ह्याच.

महाराज गल्लीत आले. उजवा हात खांद्याशी दुमडलेला, नजर जमिनीवर. आई विनवणी करू लागली, "हे स्वामी, नमोस्तु, नमोस्तु, अत्र तिष्ठ, तिष्ठ." शेवटच्या शब्दाला तिचा आवाज फाटला. महाराज थांबले. मला वाटलं, आता वळतील. वळले नाहीत. आई-बाबांनी प्रदक्षिणा घातल्या. मन शुद्ध, वचन शुद्ध, काया शुद्ध, आहार-जल शुद्ध आहे, असं दोघांनी म्हटलं आणि महाराज आमच्या घराचा उंबरा ओलांडून आत आले. आईच्या गालांवरून पाणी वाहत होतं. तिनं ते पटकन दंडाला पुसलं, कारण देणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी चालत नाही.

महाराज उभे राहिले. ओंजळ पुढं झाली. बाबांनी पाणी दिलं, दोन-तीन घोट गेले. आईनं दुधाचं पातेलं उचललं. तेवढ्यात मोठ्या रस्त्यावरून तो आवाज आला. खोल, घुमारेदार. मी ओळखला. आईनंही ओळखला असणार, कारण तिची मान किंचित वळली. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली, काकानं वळणावर पाय उचलला, आणि फाट! लागोपाठ दुसऱ्यांदा फाट! आमच्या अरुंद गल्लीत तो आवाज दोन्हीकडच्या भिंतींवर आपटला. आईच्या हातून पातेलं सुटलं.

दूध सगळीकडं पसरलं, महाराजांच्या पायांपर्यंत गेलं. त्यांनी एकदा आपल्या ओंजळीकडं पाहिलं आणि हात वेगळे केले. चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. मोरपिसांची पिंछी उचलून त्यांनी आशीर्वाद दिला, कमंडलू घेतला आणि निघाले. आधीच्या दिवसाचा उपवास, वर वैशाखाचं ऊन, आणि पोटात दोन-तीन घोट पाणी. ते दारातून बाहेर पडत होते तेव्हा काका धावत आत येत होता. शर्टावर ग्रीसचे डाग, चेहरा फुललेला. "झालं काय सुरू? मी आंघोय करून आलोच, वहिनी, पाच मिनिट," असं म्हणत तो आला आणि समोर महाराजांना पाहून भिंतीला चिकटला. मी दारातून बाहेर डोकावले. गाडीच्या मागं तो चकचकीत सरळ पत्रा उन्हात चमकत होता. ढोल्या पोटाचा काळा सायलेन्सर कुठंही नव्हता.

बायका पांगल्या नाहीत. आई खाली बसून दूध पुसत होती, आणि चंद्राकाकू कुणाला ऐकू जाऊ नये अशा थाटात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आवाज तं आमीबी आयकला माय. आमच्या हातातलं काई पडलं नाई." दुसरी कुणीतरी म्हणाली, "काया शुद्ध म्हनाले काय जाते? खरं-खोटं ज्याचं त्याले ठाव." त्याचा अर्थ कळण्याएवढी मी मोठी झाले होते. माझे कान तापले. आईची विटाळाची वेळ असताना तिनं चौका लावला, असं त्या सुचवत होत्या. जी बाई विहिरीतले न दिसणारे जीव मरू नयेत म्हणून वाकून वाकून बादली सोडते, तिच्याबद्दल! आईनं ऐकलं. पुसायचा हात थांबला, आणि पुन्हा पुसू लागला.

दुपार टळल्यावर आई प्रायश्चित्त मागायला मंदिरात गेली. मागं बाबा, काका, मी. बराच समाज जमला होता. अशा गोष्टी कारंज्यात कुणाला सांगाव्या लागत नाहीत. आई महाराजांपुढं पाय एका बाजूला दुमडून, गवासन करून बसली आणि म्हणाली, "महाराज, माझ्या हातून भांडं सुटलं. प्रायश्चित्त द्या."

महाराज हिंदीत बोलत. "बाई, कुछ आवाज हुई थी न बाहर?" त्यांनी विचारलं, अगदी सहज, मऊपणानं.

मला वाटलं, आता आई सांगेल. मग वाटलं, ती कशाला सांगेल, काका स्वतःच पुढं होईल. तिच्यापासून हातभर अंतरावर तो हात जोडून उभा होता.

"आवाज बाहेर होता महाराज," आई म्हणाली. "भांडं माझ्या हातात होतं."

महाराजांनी नजर उचलून मागं उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांकडं पाहिलं. घाई नव्हती त्यांना. बाबा मंदिराच्या कमिटीवर होते. घरातलं घरात राहावं, हा त्यांचा जन्माचा मंत्र. ते खांबाकडं बघत राहिले. एक शब्द हवा होता. 'गाडी माझी होती' एवढाच, किंवा बाबांनी म्हटलं असतं, 'माझ्या भावाची होती.' कुणीच काही म्हटलं नाही. महाराजांनी आईला काही उपवास आणि रोजचा जप सांगितला. तिनं मस्तक टेकवलं. माझ्या आयुष्यात लाजेचे प्रसंग पुढं पुष्कळ आले, नोकरीत आले, सासरी आले, पण आपण ह्या माणसांच्या घरातले आहोत याची लाज त्या दुपारएवढी कधीच वाटली नाही. ज्या काकाच्या गाडीत मी दप्तर तोंडापुढं धरून बसायची त्याची मला कधी खरी लाज वाटलीच नव्हती, हे मला त्या दिवशी कळलं. खरी लाज वेगळीच असते. ती तोंड लपवून जात नाही.

दुसऱ्या दिवशी संघ शिरपूरच्या वाटेला लागला. वाटेतल्या एका गावी महाराजांचा आहार निर्विघ्न झाल्याची बातमी आली तेव्हा आईनं हात जोडले आणि त्या दिवशी प्रथम पोटभर पाणी प्याली. तिनं पुढं कधी चौका लावला नाही. दुसऱ्यांकडं चौका असला की जाऊन धान्य निवडून द्यायची, पीठ दळून द्यायची, पण द्यायचं भांडं हातात घ्यायची नाही. लोकांनी आग्रह केला तर म्हणायची, "माझ्या हाताचा भरवसा नाई." आणि लोक मान हलवायचे, जणू हे त्यांना माहीतच होतं.

काका आठवडाभरातच अकोल्याला जाऊन जीपचा सायलेन्सर बसवून आला. आला तेव्हा गाडी दाराशी येऊन थांबली तरी कुणाला कळलं नाही. त्यानं मुद्दाम आईला बाहेर बोलावलं, गाडी सुरू करून दाखवली, पाय दाबून उचलून दाखवला. आईनं उंबऱ्यात उभं राहून ऐकलं. "बरं हाय," म्हणाली, आणि भाजी चुलीवर आहे म्हणून आत गेली. काकाला वाटलं, फिटलं. मला वाटतं त्याला मनापासून तसंच वाटलं असावं. तो पुन्हा शीळ घालू लागला, जेवायला उशीर करू लागला. आई खोळंबून राहायची. वरवर सगळं तसंच होतं, आणि मीही विसरत चालले होते.

भादव्यात पर्युषण झालं आणि क्षमावाणीचा दिवस आला. त्या दिवशी आमच्यात लहान-मोठे सगळे एकमेकांना क्षमा मागतात. शब्द ठरलेले: कळत-नकळत काही चुकलं-माकलं असेल तर क्षमा करा. समोरचा म्हणतो, उत्तम क्षमा. वर्षानुवर्षं न बोलणारी माणसंही तेवढं बोलून पेढा खातात आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा अबोला धरतात. आमच्याकडं समाजातली माणसं येत-जात होती. आई दाराच्या आत सतरंजीवर पेढ्यांचं ताट घेऊन बसली होती, आणि तिच्या शेजारी, आधीच क्षमा मागून झालेल्या चंद्राकाकू पेढा खात बसल्या होत्या. लोक एकेक करून पुढं येत होते. काकाची पाळी आली. तो हसत वाकला.

"वहिनी, सालभरात काई चुकलं-माकलं असन तं क्षमा करजो."

आईनं ताटातला पेढा उचलला, पण दिला नाही. "कायची रे, धनू?"

"कायची म्हंजे?" काका हसतच होता. "जे काई असन त्याची."

"थे तं सारेच म्हनतात. तू सांग मले, कायची."

काकाचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण त्यात आता काही नव्हतं. तो वाकून, आवाज खाली आणून म्हणाला, "सायलेन्सर तं बदलला ना म्या, वहिनी."

"सायलेन्सरचं नाई इचारलं म्या."

त्यानं एकदा चंद्राकाकूंकडं पाहिलं. त्यांनी पेढा चघळायचा थांबवला होता. समाजाची दहा-बारा माणसं तिथं उभी होती, मंदिरात होती त्यातलीच. आई वाट बघत होती, आणि ती चिडलेली नव्हती. तिच्या चेहऱ्यावर चक्क आशा होती, ती मला आजही दिसते. मनात मी काकाला ओरडून सांगत होते, म्हण, म्हणून टाक.

"सप्पाची," तो म्हणाला. "साऱ्याची क्षमा, वहिनी."

आईनं मान हलवली. मग डोक्यावरचा पदर, जो ती बाहेरच्या पुरुषांपुढंच ओढायची, तिनं कपाळापर्यंत पुढं घेतला आणि पेढा त्याच्या हातावर ठेवला.

"उत्तम क्षमा, भाऊजी. घ्या तुमी, पेढा घ्या."

काका हात तसाच पसरून उभा राहिला. त्याला पुढं सरकायचं सुचेना.

"धन्या, हो बाजूले," मागून बाबांचा आवाज आला. "लोकं खोयंबून राह्यले."

काका बाजूला झाला. त्याच्या मागं, हात जोडून, बाबाच उभे होते.